मांडीवरचा पाय

धाकटीचा पाय सासूबाईंच्या मांडीवर मी पहिल्यांदा बघितला तेव्हा माझ्या डोक्यावर शेणाची पाटी होती. ती तिथंच ओसरीत पालथी घालावी असं मला वाटलं. घातली नाही. उकिरड्यावर गेले, पाटी रिकामी केली, आणि उगीच दोनदा झटकली.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली होती, आणि तिचा उजवा पाय सरळ सासूबाईंच्या मांडीवर. सासूबाई वजरीनं तिचा तळवा घासत होत्या. धाकटी मधेच ओठ चावायची आणि लाडात म्हणायची, "आत्या, हळू गं." गं! आमच्यात चालता चालता मोठ्या माणसाला चुकून पाय लागला तरी वाकून पाया पडायची रीत. आणि हिचा पाय मांडीवर, वर आणि तोंडानं 'हळू गं'. मी त्यांना 'मामी' म्हणायची, 'अहो-जाहो' करायची, आणि त्यांच्या पुढ्यातून जाताना पदर डोक्यावरून ढळू द्यायची नाही.

धाकटी सासूबाईंच्या सख्ख्या भावाची लेक. भाची सून करून आणायची चाल आमच्याकडं आहेच, त्यात नवल काही नव्हतं. पण एकाच घरात एक सून परकी आणि एक सून रक्ताची असली की परकीच्या जिवाला काय होतं, ते जिचं तिलाच ठाऊक. त्यात माझी आई मी लहान असतानाच गेलेली. मला वाढवलं चुलतीनं. ती वाईट नव्हती, पण माझी वेणी घालताना तिचं लक्ष कायम चुलीकडं असायचं. लग्न करून निघाले तेव्हा तिनं कानात एकच गोष्ट सांगितली, सासरी दुखणं सांगायचं नाही, सांगणारी सून लोकांना जड होते. ती गोष्ट मी गाठीला बांधली आणि आले.

आमचं गाव कळंबपासून दोन-तीन कोसांवर. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. आपला जिल्हा आता मुंबईला जोडला, असं माणसं पारावर बोलायची. आम्हा बायकांना त्यातलं एवढंच कळलं की कळंबच्या रस्त्यावर एस.टी.ची लाल गाडी दिसायला लागली. आमचं चालणं होतं तेच राहिलं. गावातून सुनांनी वहाणा घालायच्या नाहीत, शेताच्या वाटेला लागल्यावर घालायच्या, आणि समोरून कुणी वडीलधारं आलं की काढून हातात धरायच्या. मग घालायच्या कशाला, म्हणून मी अनवाणीच जायची. वाटेला सराटे, बांधाला कुसळं, रानात ढेकळं. पायाचं सोनं व्हायचं नुसतं!

लग्नाच्या पहिल्याच वर्षी माझ्या डाव्या टाचेत चामखीळ आली. हातावर येते तशी वर उगवलेली नव्हे. तळव्यातली चामखीळ आत दबलेली असते, वरून घट्टा दिसतो, मधे काळे ठिपके, आणि पाय टेकला की खडा रुतल्यासारखी कळ थेट मांडीपर्यंत जाते. मी कुणाला बोलले नाही. पायाच्या कडेवर चालायला शिकले. पाण्याची घागर आणताना दात दाबायची. घरात कुणी विचारलं नाही, 'का गं, पाय का वाकडा टाकतीस?' नवऱ्यानं नाही, सासूबाईंनीही नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तसं ते वर्ष गेलं. मग एक दिवस न्हाणीत पाय घासताना बघते तर घट्टा सैल झालेला. थोड्या दिवसांत टाच कोवळी, स्वच्छ. आपोआप आली, आपोआप गेली. मला बरं वाटायला हवं होतं, पण मला रागच आला. एवढं सोसलं आणि एकाही माणसाला त्याचा पत्ता नाही.

त्याच वर्षातली दुसरी गोष्ट. सासूबाई दर गुरुवारी दुपारची भाकरी झाली की कुठं तरी जायच्या. 'जरा जाऊन येते' एवढंच म्हणायच्या. पायांत वहाणा नाहीत, तोंड गप्प. परत यायच्या तेव्हा तळपाय लालभडक झालेले असायचे. ओसरीत बसून स्वतःच स्वतःच्या पायाला लोणी लावायच्या. उगवतीच्या वाटेनं जायच्या, आणि त्याच वाटेला पुढं त्यांच्या भावाचं गाव. मी मनाशी ठरवून टाकलं, भावाकडं चालल्यात, भाचीचं जमवायला. आणि झालंही तसंच. पुढच्या लगनसराईत धाकट्या दिराचं लग्न झालं आणि भाची सून होऊन घरात आली. मी म्हटलं, बघा, म्हातारीनं ऊन बघितलं नाही, पाय बघितले नाहीत, भाचीसाठी जिवाचं रान केलं. माझ्यासाठी उंबरा तरी ओलांडला असता का?

धाकटी दिसायला माझ्यापेक्षा उजळ, कामाला माझ्यापेक्षा मंद. पण तिचं कौतुक मापानं नव्हतं. तिनं केलेली भाकरी जाड झाली तरी 'शिकंल हळूहळू'. माझी पातळ असली तर त्यावर कुणी बोलायचं नाही, कारण ती तशीच असायची. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं. मी भांडायची नाही. मी भांडी जोरात घासायची. आमच्या घरातल्या पितळेला त्या काळात जी चकाकी होती, ती सगळी माझ्या जळफळाटाची.

तर त्या धाकटीला चामखीळ झाली. उजव्या पायाच्या चवड्याखाली. आणि ती झाल्या दिवशी अख्ख्या घराला कळलं. लंगडत आली, उंबऱ्यावर बसली, पाय वर केला आणि म्हणाली, "आत्या, बघ ना काय झालंय." संपलं. तिचं शेतातलं काम बंद, पाणी भरणं बंद. ऊन पाण्यात मीठ टाकून पाय शेकायचा, मग सासूबाई वजरीनं वरचं मेलेलं कातडं घासायच्या, मग भोवतीच्या चांगल्या कातड्याला तूप लावायच्या आणि मधे कापसाच्या बोळ्यानं रुईचा चीक. वर धुतलेली चिंधी. तूप का, तर चीक बाहेर ओघळून चांगलं कातडं भाजू नये म्हणून. भाकरीवर तूप घालताना आमच्या घरी वाटी तिरपी व्हायच्या आत सरळ व्हायची, पण पायाला बोट भरून तूप!

आणि हा चीक आणायचा कुणी? मी. रोज सकाळी बांधावर जायचं, रुईचं पान मोडायचं, पांढरा चीक शिंपल्यात धरायचा, डोळ्याला लागू द्यायचा नाही, आणि घाईनं घरी आणायचा. मी शिंपला सासूबाईंच्या हातात द्यायची. त्या वर न बघता घ्यायच्या. मग मी खांबाशी उभी राहून बघायची. त्यांचा अंगठा त्या तळव्यावर गोल गोल फिरायचा, कुठं दुखतं ते चाचपायचा. माझ्या टाचेत आता काही नव्हतं, तरी तिथं काहीतरी दुखायचं. खरं सांगते, मला तूप नको होतं, काम बंद नको होतं. मला तो अंगठा हवा होता. एकदा, फक्त एकदा, कुणीतरी माझा पाय मांडीवर घेऊन 'कुठं दुखतंय' म्हणून विचारावं. आई असती तर तिनं विचारलं असतं, आणि आई नाही तर निदान जिच्या घरात मी मरणार आहे तिनं विचारावं. एवढ्यावर माझा जीव अडकला होता. हसू नका. बायकांचा जीव असल्याच गोष्टींवर अडकतो.

चिकानं गुण आला नाही. वरचं निघायचं, आतलं मूळ तसंच. मग बिब्बा झाला. बिब्बा दाभणाला टोचून दिव्यावर धरला, त्याचं तेल चामखिळीवर टिपलं. बिब्बा उतला, चवडा सुजला, धाकटी दोन दिवस रडली, आणि सासूबाई तिच्या उशाशी बसून राहिल्या. चुलीपाशी मी एकटी. सूज उतरली तशी चामखीळ पुन्हा जागेवर, शेजारी आणखी एक बारकी घेऊन. सुगी तोंडावर आली होती. धाकटीला चवडा टेकून नीट उभंही राहता येईना.

एका गुरुवारी सासूबाईंनी मला गोठ्यात हाक मारली. धाकटी ओसरीत होती, तिला ऐकू जाऊ नये म्हणून त्या हळू बोलत होत्या. त्यांचा गुडघा त्या वर्षी सुजलेला होता, काठी घेऊन चालायच्या. कमरेच्या पिशवीतून त्यांनी खडेमिठाची पुरचुंडी काढली आणि सांगायला लागल्या. उगवतीच्या माळावर पिराचं ठाणं आहे, लिंबाखाली. तिथं दगडाची कुंडी आहे. मीठ कुंडीत टाकायचं, वर पाणी ओतायचं. मीठ विरघळेल तशी चामखीळ विरघळते. अनवाणी जायचं, वाटेत कुणाशी बोलायचं नाही, निघताना मागं वळून बघायचं नाही. चामखीळ जाईपर्यंत दर गुरुवारी, म्हणजे पिराच्या जुम्मेरातीला.

"आणि जिची चामखीळ, तिला कळू द्यायचं न्हाय," त्या म्हणाल्या. "कधीच न्हाय. पाय बरा झाल्यावर बी न्हाय. कळलं की परत येती."

मी पुरचुंडी घेतली. तोंडानं 'बरं मामी' म्हटलं. अंगाचा तिळपापड झाला होता. चीक आणला, घागरी आणल्या, तिच्या वाटचं खुरपलं, आता तिच्या पायासाठी माझे पाय भाजायचे! घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं.

निघाले. दुपारचं ऊन, माळावरची मुरमाड वाट. खडे पायाला चटके देत होते, आणि प्रत्येक चटक्याला मी मनातल्या मनात धाकटीचं नाव घेत होते. वाटेत ओढा लागतो. तिथं उभी राहिले. पुरचुंडी इथंच सोडली तर कुणाला कळणार होतं? मीठ काय, ओढ्यातही विरघळतंच. किंवा घरी जाऊन धाकटीच्या कानात नुसतं पुटपुटलं तरी काम झालं असतं, बस म्हणावं जन्मभर पाय धरून. पण पिराची भीती वाटली. आणि खरं तर, इतकं भाजून घेतल्यावर अर्ध्यातून परतायचा मला आळस आला. ओढा ओलांडला.

पिराच्या ठाण्याजवळ एक म्हातारा मुजावर लिंबाखाली झाडत होता. पांढरी दाढी, विटकी लुंगी. मी कुंडीत मीठ टाकलं, त्यानं मडक्यातून पाणी दिलं, ते ओतलं. खडे तळाशी बसले आणि हळूहळू त्यांचे कोपरे झिजायला लागले. मी बघत बसले. काम झालं होतं, आता बोलायला हरकत नव्हती. त्यानं विचारलं, कुठल्या घरची. मी गाव सांगितलं, घर सांगितलं.

त्याचा चेहरा एकदम उजळला. म्हातारी बरी हाय ना, म्हणाला. लई दिवस झाले, इकडं फिरकली नाही. मी गुडघ्याचं सांगितलं. तो मान हलवत राहिला. मग त्यानं मला निरखून बघितलं आणि विचारलं, "तू लेक का गं त्यांची?"

का कोण जाणे, मी म्हटलं, "व्हय."

लेकीला सांगायला हरकत नाही असं त्याला वाटलं असणार. झाडणी बाजूला ठेवून तो उकिडवा बसला आणि बोलायला लागला. सासू असावी तर तुझ्या आईसारखी, म्हणाला. थोरल्या सुनेच्या पायासाठी अख्खा उन्हाळा यायची. जुम्मेरात चुकवली नाही. मी एकदा म्हटलं, माय, वहाणा तरी घाल, पीर काय तुझे पाय मोजतोय? तर ऐकेना.

"म्या इचारलं, सून एवढी लाडकी का?" तो म्हणाला. "तर म्हनली, तिला आई न्हाय. दुखतंय म्हनून सांगायची तिला सवयच न्हाय. इचारलं तर आनखी झाकंल. मग तिच्या वाटचं म्याच चालते."

कुंडीतलं पाणी एव्हाना गढूळ झालं होतं. मी उठले. मागं वळून बघायचं नव्हतं ते बरंच झालं, नाहीतर त्या म्हाताऱ्यानं माझं तोंड बघितलं असतं.

घरी येईपर्यंत मी रडले असेन असं तुम्हाला वाटेल. रडले, पण ओढ्यापर्यंतच. ओढ्यात तोंड धुतलं आणि पलीकडच्या काठावर मला संताप आला. लबाड म्हातारी! अख्खा उन्हाळा माझ्या डोळ्यांपुढून अनवाणी गेली, माझ्यासमोर बसून पायाला लोणी लावलं, आणि मला तिच्या भावाकडच्या वाटेवर जळत ठेवलं. आणि त्या संतापाच्याही खाली जुनी खोड होतीच. मी हिशेब घातला. धाकटीला मांडी मिळाली आणि मीठही मिळालं. मला नुसतं मीठ. पुन्हा तिलाच जास्त!

दारात सासूबाई काठी टेकून उभ्या होत्या. वाटेत कुणाशी बोललीस का, त्यांनी विचारलं. वाटेत नाही, मी म्हटलं. ते खोटं नव्हतं. त्यांनी माझ्या पायांकडं बघितलं, आत गेल्या, आणि लोण्याची वाटी कोनाड्यात न ठेवता ओसरीच्या कडेला ठेवून दिली. मी ती उचलली आणि तळपायांना लोणी लावत बसले. बोलावं तर रीत मोडते. धाकटी समोरच होती. तिनं विचारलं, "अक्का, पायाला काय झालं?" मी म्हटलं, "ऊन."

पुढं मी जात राहिले. सुगी अर्धी झाली तेव्हा धाकटीचा चवडा साफ झाला. ती गावभर सांगत सुटली, आत्याच्या हाताला गुण आहे, रुईच्या चिकानं मूळ उपटलं. मी शेजारी उभी राहून ऐकायची आणि 'व्हय की' म्हणायची. पोटात इतकं दुखायचं, पण बोलायची सोय नव्हती. सासूबाईही चिकाचंच नाव घ्यायच्या. तेव्हा मला कळलं की त्या माझ्याशीही अशाच, सरळ तोंडानं, इतकी वर्षं वागल्या होत्या.

आणि मग हुरड्याच्या दिवसांत, पहाटे दळायला बसण्याआधी मी पाय टेकला आणि कळ थेट मांडीपर्यंत गेली. डावी टाच. तीच जागा. मी दिवा खाली धरून बघितलं. घट्टा, मधे काळे ठिपके.

परत यायचं कारण मला ठाऊक होतं. मला कळलं होतं ना! मी जात्यापाशी बसले आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण मला हसू आलं. त्या दिवशी मी पायाच्या कडेवर चालले नाही. सरळ लंगडले. विहिरीपर्यंत लंगडले, गोठ्यापर्यंत लंगडले, ओसरीतून तर जरा जास्तच लंगडले. सासूबाई तूर निवडत बसल्या होत्या आणि धाकटी त्यांच्या शेजारी. सूप थांबलं.

"इकडं ये," त्या म्हणाल्या. "बस."

मी बसले. पाय पुढं करायचं धाडस होईना, लुगड्याखाली ओढून घेतला. त्यांनी सूप बाजूला सारलं, हात घातला आणि पाय ओढून मांडीवर घेतला. डावा. कुठला दुखतो ते मी अजून सांगितलेलं नव्हतं. त्यांचा अंगठा इकडं तिकडं न फिरता सरळ टाचेवर, नेमका त्या जागी जाऊन टेकला. मी डोळे मिटले.

त्यांनी अंगठा तिथंच दाबून धरला. मग फक्त मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, "तुला कुणी सांगितलं?"

मी डोळे उघडले नाहीत. "दुखतंय, मामी," एवढंच म्हटलं. तसं म्हणायची माझी ती पहिलीच वेळ.

त्यांचा अंगठा टाचेवर गोल गोल फिरायला लागला. मग त्यांनी मोठ्यानं हाक मारली, मांडीला मांडी लावून बसलेल्या धाकटीला हाक मारायची काही गरज नव्हती तरी. "ऊठ गं. बांधावरनं रुईचा चीक घेऊन ये. शिंपल्यात आण, डोळ्याला लागू देऊ नको. आणि येताना तुपाची वाटी."

धाकटी उठली. उंबऱ्यापाशी थांबून तिनं आमच्याकडं बघितलं, आधी सासूबाईंकडं, मग मांडीकडं. तिचं तोंड कसं झालं होतं ते मला आरशात बघितल्यासारखं ओळखू आलं. मी पाय काढून घेतला नाही.